मेहकरमार्गे समुद्र

धाड, रविवार, १२ जानेवारी १९६४

आम्ही समुद्र पाहायला जाणार आहोत, म्हणून आजपासून ही वही.

जन्मभर मी मराठी शाळेत भूगोल शिकवला. अरबी समुद्र, खाड्या, भरती-ओहोटी, सगळं फळ्यावर निळ्या खडूने काढलं. प्रत्यक्षात पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पैनगंगेचा पूर. गेल्या वर्षी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात कोणीतरी म्हणालं, "गुरुजींनी आम्हाला समुद्र दाखवला." टाळ्या पडल्या. मला मात्र ते वाक्य खड्यासारखं टोचत राहिलं.

मोतीराम गिरणीवाला माझा शेजारी. पूर्वी लष्करात मोटार चालवायचा. त्याने सरकारी लिलावात एक जुनी जीप घेतली आहे. तिच्यासोबत एक छोलदारीही मिळाली, म्हणजे लहान लष्करी तंबू. कापड आहे, खांब नाहीत. त्याचा बेत असा, की धर्मशाळा नको, खाणावळ नको, संध्याकाळ होईल तिथे तंबू ठोकायचा आणि तीन दगडांची चूल मांडायची.

"पेट्रोल माह्याकडं, मीठ-पीठ तुमच्याकडं," तो म्हणाला. "समुद्र तं फुकटच हाय, मास्तर."

त्याची बायको मंजुळाबाई लगेच तयार झाली. अंबूने, म्हणजे माझ्या पत्नीने, चार दिवस उत्तरच दिलं नाही. शालूचं, आमच्या मुलीचं, लग्न झाल्यापासून ती फार कमी बोलते. एरवी घर पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलं आहे. शाळेमुळे इतकी वर्षं मला घराकडे लक्ष देता आलं नाही, ती उणीव मी आता भरून काढतो आहे. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. चहाच्या वेळा ठरवून दिल्या आहेत. भाकरी कडेला जाड आणि मधे पातळ होते, हेही रोज निदर्शनास आणून देतो.

आज तिने विचारलं, "मेहकरावरून जाता येते काय?"

मेहकरला तिचा धाकटा भाऊ महादेवराव असतो. मी नकाशा काढून समजावलं, की समुद्र पश्चिमेला, मेहकर पूर्वेला, दिशाच उलटी.

"मंग तुमी जा," ती म्हणाली आणि धान्य निवडायला बसली.

मोतीरामला हे सांगितलं तर तो म्हणतो, "पृथ्वी गोल हाय ना? तुमीच शिकवलं माह्या पोराले. जाऊ तिकडून."

विद्यार्थ्याच्या बापाशी वाद घालणं कठीण. मेहकरवरून जायचं ठरलं.


धाड, बुधवार, १५ जानेवारी

संक्रांत झाली. सामान बांधून झालं. मी प्रत्येकी एक पिशवी असा नियम घातला होता. अंबूने लग्नातली मोठी पत्र्याची पेटी काढली. तिच्यात सगळी लुगडी, दोन गोधड्या, तिच्या आईची पितळी परात आणि माहेराहून आणलेली देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा. मी म्हटलं, समुद्राच्या हवेने पितळ काळं पडतं. ती म्हणाली, "नाई पडत."

मग तिने दळण कुठे आहे, तेल कुठे आहे, गवळ्याला काय सांगायचं, हे मला दोनदा समजावलं. मी म्हटलं, "अगं, आपण दोघंही बाहेर असणार, मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली, "ठाऊक असू द्या."

मंजुळाबाई आली होती. दोघी परसात बराच वेळ कुजबुजत होत्या. मंजुळाबाईचे डोळे लाल दिसले. चुलीचा धूर फार होतो. धुराडं बसवलं पाहिजे.


चिखलीच्या अलीकडे, गुरुवार, १६ जानेवारी

निघालो. निम्मं गाव निरोपाला आलं होतं. ते बरं झालं, कारण जीप सुरूच होईना. सगळ्यांनी मिळून मारुतीच्या पारापर्यंत ढकलली. तिथे ती एकदम खोकली, पुढे झेपावली आणि मोतीराम एकटाच निघून गेला. आम्ही तिघं मागून धावतोय. मंजुळाबाई ओरडतेय, "थांबवा ना बाप्पा!" तो ओरडतोय, "थांबवली तं पुन्हा ढकला लागन!" धावत्या जीपमध्ये कसे चढलो ते मला सांगता येणार नाही. माझी एक वहाण धाडमध्येच राहिली आहे.

दुपारी पेट्रोलचा वास येऊ लागला. टाकीला चीर. मोतीराम खाली सरपटला आणि म्हणाला, "मास्तर, अंगाचा साबण द्या." चंदनाची नवी वडी प्रवासासाठी म्हणून घेतली होती, तीच त्याने ओली करून चिरेवर घासघासून भरली. गळती थांबली. जीपला आता चंदनाचा वास येतो, आम्हाला पेट्रोलचा.

संध्याकाळी एका आमराईत मुक्काम. शेतकऱ्याने दोन बांबू दिले. मी आकृती काढून तंबू कसा उभारायचा ते समजावलं. ताण, तोल, काटकोन. तंबू उभा राहिला. मी म्हटलं, "पाहिलंत? शास्त्र!" आणि दोन पावलं मागे सरकलो, ते नेमका दोरीत पाय अडकवून. तंबू आतल्या तिघांवर बसला. कापडाखाली तीन उंचवटे हलत होते. एकाला मी बाहेर ओढलं तर ती अंबू. तोंडावर पदर धरला होता आणि खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. लागलं का म्हणून विचारलं. तिने फक्त मान हलवली.


शुक्रवार, १७ जानेवारी

चिखलीच्या बाजारात भोंगा अडकला.

कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. मोतीरामने एकदा भोंगा वाजवला आणि तो वाजतच राहिला. बैल बिथरले. गाडीवाले शिव्या देऊ लागले. मोतीराम भोंग्यावर बुक्क्या मारतोय, तसा तो आणखी जोरात. एक जण बादली घेऊन धावत आला, "आग कोठी लागली?" म्हणून. एवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी समोर आला. आता तो वकील आहे. त्याने भर बाजारात माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी आशीर्वाद दिला, पण भोंग्यात तो कोणालाच ऐकू गेला नाही. तोही काहीतरी बोलला. मी हो हो म्हटलं. आता काळजी वाटते, की नेमकं कशाला हो म्हटलं.

शेवटी अंबूने पुढे वाकून एक तार ओढली. शांत. आता भोंगा मुळीच वाजत नाही. मंजुळाबाई पुढे बसून "बाजूले व्हा वो!" ओरडते. तो आवाज भोंग्यापेक्षा लांब जातो.

अंबूला विचारलं, तुला कसं कळलं कोणती तार? "मले काय कळते," ती म्हणाली. "जी हाताले लागली थे ओढली."

रात्रीच्या भाकरी तिने केल्या. कडेला जाड. सांगणार होतो, पण भूक इतकी लागली होती की आधी खाल्ल्या आणि मग राहून गेलं.


मेहकरच्या अलीकडे, शनिवार, १८ जानेवारी

आज आपण मेलो, असं वाटलं होतं.

दुपारच्या सुमारास उतार लागला. जीप वेग घेऊ लागली. मोतीराम गप्प झाला. तो गप्प झाला की समजावं.

"काय झालं?"

"काई नाई. बिरेक नाई."

"नाही म्हणजे?"

"म्हंजे होता. आता नाई."

मंजुळाबाईने देवांची नावं घ्यायला सुरुवात केली. समोर वळण, वळणाच्या पलीकडे नाला. डाव्या हाताला एका शेतात कडब्याची भली मोठी गंजी रचलेली. मोतीरामने चाक वळवलं. जीप शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून उडाली आणि सरळ गंजीत घुसली.

मग अंधार. नाकातोंडात ज्वारीची पाती. माझे पाय वर आणि डोकं खाली होतं. टोपी नव्हती. कोणीतरी शिंकत होतं. कडब्यातून मोतीरामचा आवाज आला, "मास्तर, समुद्र आला काय?"

आणि मला हसू आलं. का ते सांगता येत नाही. उलटा पडलेलो असताना माणसाने हसू नये, श्वास अडकतो. पण थांबेचना. पोट दुखू लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. अंबूने पाती बाजूला करून तोंड आत घातलं. केसांत कुसळं, कपाळाचं कुंकू नाकापर्यंत पसरलेलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. बाहेर ओढायचं सोडून नुसतीच पाहत राहिली. तिला वाटलं असेल, डोक्याला मार लागला.

कोणालाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गंजीची मालकीण जनकाबाई विळा घेऊनच आली. एकटी बाई, शेत स्वतः करते. "काय बे, रस्ता अपुरा पडला काय तुमाले?" मोतीरामने हात जोडले. मी समजावू लागलो, की गतीचा नियम असा आहे, उतारावर वस्तू... ती म्हणाली, "थे राहू द्या. जशी होती तशी रचून द्या."

रचून दिली. दिवस मावळेपर्यंत लागलो होतो. मी खालून पेंढ्या फेकायच्या, अंबूने गंजीवर उभं राहून झेलायच्या. तिला हे येतं. माहेरी करायची म्हणे. मला माहीत नव्हतं. वरून ती ओरडत होती, "जोरानं फेका! आणखी वर! नेम काऊन नाई तुमाले?" एक पेंढी तिच्या डोक्यावर बसली. एक मंजुळाबाईवर. मग वरून एक पेंढी नेमकी माझ्यावर आली. ती चुकून आली, असं अंबूचं म्हणणं आहे.

जनकाबाईने सगळ्यांना भाकरी आणि मिरच्यांचा ठेचा वाढला, आणि झोपायला गोठ्यात जागा दिली. पुष्कळ वर्षांनी इतका दमलो. फार बरं वाटतं आहे.


मेहकरच्या पुढे, सोमवार, २० जानेवारी

मोतीरामने काल तार गुंडाळून ब्रेक कसाबसा जागेवर आणला आणि आम्ही पायी चालण्याच्या वेगाने महादेवरावाच्या दारात पोचलो.

महादेवराव भला माणूस, पण या खेपेला अवघडलेला दिसला. माझ्या नजरेला नजर देत नव्हता. त्याने माडीवरची खोली आमच्यासाठी मुद्दाम नवी करून घेतली आहे. भिंतींना चुना, खिडकीशी तुळस, कोनाड्यात देवाला जागा, भिंतीला नवी मांडणी. एवढा खर्च एका रात्रीसाठी कोणी करतं का? पण बाज एकच टाकली होती, तीही अरुंद. मी म्हटलं, "महादेवराव, एक विसरलात." तो म्हणाला, "हाव दाजी, विसरलो," आणि घाईने खाली गेला. मी गच्चीत मोतीरामशेजारी झोपलो.

काल संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो असताना मंजुळाबाईने कडब्याची गोष्ट सांगितली. ती गोष्ट सांगते म्हणजे करून दाखवते. माझ्या उलट्या पायांची नक्कल केली. महादेवरावाची बायको, मुलं, शेजारी, सगळे लोळत होते. मला आधी राग येणार होता. पण मधेच अंबू म्हणाली, "नाई नाई, असे नाई, एक पाय असा होता," आणि स्वतः पाय वाकडा करून दाखवला. तिला असं काही करताना मी कधी पाहिलेलं नाही. मीही मग सांगितलं, की दुसरा पाय मोतीरामच्या कानात होता.

आज सकाळी निघताना महादेवराव जीपपाशी उभा राहिला. "अक्का, पेटी उतरवू ना?"

अंबू पेटीकडे पाहत होती. मंजुळाबाई जमिनीकडे पाहत होती. मोतीराम उगाचच चाकाला लाथा मारत होता. मी म्हटलं, "पेटी कशाला उतरवता? निघालो ना आपण?"

"राहू दे महादेवा," अंबू म्हणाली. "गाडीतलं गाडीतच राहू दे."

"पक्कं?"

"समुद्र पाहून येतो मी."

महादेवराव एकदम वाकून माझ्या पाया पडला. डोळ्यांत पाणी. बहिणीवर फारच जीव आहे त्याचा. मी पाठीवर थाप मारली, म्हटलं, परतीच्या वाटेवर पुन्हा येऊ. मंजुळाबाई जीपमध्ये बसली आणि कारण नसताना तिने अंबूच्या गालांवरून हात फिरवून कडकडून बोटं मोडली.

बायकांचं मला कळत नाही. पण हवा छान होती आणि जीप पहिल्या हाकेला सुरू झाली.


लोणार, मंगळवार, २१ जानेवारी

जालन्याच्या रस्त्याला लागायचं होतं, पण सुलतानपूरला मोतीराम म्हणाला, लोणार इथून जवळ आहे, तळं पाहून घेऊ. तिथलं पाणीही खारं असतं. "आधी नमुना पाहू, मंग माल." मला हे तळं पुस्तकातून ठाऊक आहे. प्रचंड वाटीसारखं विवर. काही जण म्हणतात ज्वालामुखी, काही म्हणतात आकाशातून दगड पडला.

काठावर एका निंबाखाली तंबू ठोकला. या वेळी मोतीराम मला म्हणाला, "मास्तर, तुमी शास्त्र सांगू नका, फक्त दोरी धरा." धरली. तंबू उभा आहे. पण शेवटच्या चढावर गिअर करकर वाजत होते आणि आता जीपमधून काळं तेल टपकतं आहे. मोतीराम तिच्याशी आजारी म्हशीशी बोलावं तसं बोलतो आहे.


बुधवार, २२ जानेवारी, सकाळ

चष्मा वानराने नेला. नीट दिसत नाही. ओळी वरखाली गेल्या असतील. मिळाला की लिहीन.


गुरुवार, २३ जानेवारी

चष्मा मिळाला. डाव्या काचेला तडा गेला आहे, त्यामुळे सगळं दोनदा दिसतं. उजवा डोळा तेवढा उघडा ठेवून लिहितो.

काल सकाळी धारेवर स्नान केलं. काठावर गोड पाण्याची धार पडते तिथे. चष्मा दगडावर ठेवला होता. एक मोठं काळतोंडं वानर आलं, चष्मा उचलला आणि झाडावर जाऊन काड्या चघळू लागलं. मी ओरडलो, तर त्याने तो डोळ्यांसमोर धरून माझ्याकडे पाहिलं. अगदी शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं. मोतीराम फुटाण्यांचा पुडा घेऊन सौदा करायला झाडाखाली बसला. म्हणाला, वेळ लागेल, तुम्ही तळं पाहून या. मंजुळाबाईचे गुडघे दुखत होते. ती वर राहिली.

चष्म्याशिवाय मला हातभरापलीकडे सगळा धूर. उतार मोठा, वाट दगडांची आणि झाडीची. अंबूने माझा हात धरला. लोक येत-जात होते, मला संकोच वाटला. तिला वाटलेला दिसला नाही.

खाली पोचलो तर मला फक्त एक हिरवा पट्टा आणि त्यावर एक पांढरा पट्टा. इतक्या लांब येऊन मला काही दिसणार नव्हतं. मी दगडावर बसलो. म्हटलं, "तू सांग."

"म्या काय सांगू?"

"दिसतं ते."

ती माझ्या पुढे जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "चहूकडून डोंगर उभा हाय अन् मधात पाणी. परातीत सांडलेलं असते तसं. हिरवं हाय, पण पानासारखं हिरवं नाई. मेथी उकळल्यावर पाणी होते ना, तसं."

"लाटा आहेत?"

"लाटा नाईत. सुरकुत्या हाईत. हवा आली की पडतात, गेली की जातात. काठानं पांढरं पांढरं वाळलंय, पापडाच्या पिठावाणी. थांबा, पक्षी आले. लांब पायांचे. एक एक पाय उचलून टाकून राह्यले, नव्या नवरीवाणी. पल्याड देऊळ दिसते, अर्धं पडेल. त्याच्यावर मोर बसला हाय. थो ढग पाहा... तुमाले नाई दिसत. ढगाची सावली पाण्यावरून चालली. आता मधात आली. आता पाण्याचे दोन रंग झाले."

ती बोलतच राहिली. इतकं सलग ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मधे तीन-चार ठिकाणी मला दुरुस्ती सुचली. पण मला दिसतच नव्हतं, तर दुरुस्त काय करणार? मी नुसतं ऐकलं. आणि खरं लिहायचं तर फळ्यावर निळ्या खडूने काढलेल्यापेक्षा हे पाणी मला जास्त स्पष्ट दिसलं.

मग तिने ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि "थू थू" करत इतकी हसली की पलीकडे मोर ओरडला. "खारट नाई वो, सोड्यावाणी लागते! समुद्र असाच असते काय?"

"समुद्र जास्त चांगला असेल," मी म्हटलं.

ती माझ्या शेजारी बसली. पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "एक सांगू? मी मेहकरले राहाले निघाली होती."

"राहिलो की आपण एक रात्र."

"तसं नाई. कायमचं. महादेवाशी बोलणं झालं होतं. थे खोली माह्यासाठी होती."

माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, म्हणून तिचा चेहरा कसा होता ते लिहिता येत नाही. आवाज साधा होता. दळण संपलं, असं सांगावं तसा.

"का?" मी विचारलं.

"शाळा सुटल्यावर तुमी घरी आले अन् मले घरात जागाच नाई राह्यली. मिठाच्या डब्यावर तुमची चिठ्ठी, 'मीठ'. मीठ काय मले ओळखू येत नाई? जन्म गेला माहा त्या चुलीपाशी. दिवसभर तुमचा आवाज. मले वाटे, हा माणूस आता मरेपर्यंत माह्यावर देखरेख करणार."

वर झाडीत वानरं हुप्प करत होती.

"मग राहिली का नाहीस?"

"कडब्यात तुमी हसले." ती थांबली. "पोट धरून हसले. शालू झाली तवा हसले होते तसे. मले वाटलं, हा कोण माणूस हाय? याले पुढं पाहू तरी, काय करते."

"मग? काय करतो?"

"वानराले चष्मा देते," ती म्हणाली, आणि पुन्हा हसू लागली.

मला ते सगळं समजायला वेळ लागतो आहे. ती एकदम उठली, लुगडं खोचलं आणि म्हणाली, "चला, ऊन चढून राह्यलं. हात द्या. पुढं मोठा दगड हाय."

चढताना मी तिचा हात घट्ट धरला होता. तीच सांगत होती. इथे पाय ठेवा, इथे नको, इथे मुंग्या आहेत.

वर मोतीराम विजयी मुद्रेने बसला होता. वानराने सगळे फुटाणे खाऊन चष्मा दगडावर टाकला होता. आमच्या दुपारच्या भाकरीही नेल्या होत्या.


मेहकरच्या अलीकडे, रविवार, २६ जानेवारी

काल पहाटे मोतीरामने जीप सुरू केली. एक मोठा आवाज झाला आणि काहीतरी लोखंडी खाली पडलं. मोतीराम तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. "गिअर गेला, मास्तर. समुद्र राह्यला." त्याचा चेहरा पाहवेना. चार माणसांची सहल आपल्यामुळे बुडाली, असं त्याच्या मनाने घेतलं. मी म्हटलं, "गड्या, मला पाणी दिसलं. तू नसतास तर एवढंही दिसलं नसतं." तो म्हणाला, "तुमाले तं काईच दिसलं नवतं!" मी म्हटलं, "तेच तर."

तुळशीराम नावाच्या एका शेतकऱ्याने आपली बैलजोडी जुंपून जीप मेहकरपर्यंत ओढून द्यायचं कबूल केलं. त्याचं सासर मेहकरला आहे, त्यालाही निमित्त हवं होतं. पण बैलांना मागे लागलेलं ते लोखंडी धूड आवडेना. तुळशीराम एका बाजूने आणि मोतीराम दुसऱ्या बाजूने कासरा धरून चालायला लागले. मग चाक कोण धरणार? मला एका रस्त्याचे दोन दिसत होते. मंजुळाबाई म्हणाली, मी मरेन पण धरणार नाही. अंबू मोतीरामच्या जागी जाऊन बसली.

"वहिनी, जिकडं बैल तिकडं फिरवा," मोतीराम म्हणाला.

"बैलाले ठाऊक हाय रस्ता," ती म्हणाली. "मी धरतो नुसतं."

दोन दिवस लागले. वाटेत एका मळ्यात तंबू ठोकला. वाऱ्याने तो उडून विहिरीत पडला, तर आज दिवसभर बॉनेटवर पसरून वाळवत आणला. मळेवाल्यांनी हरभऱ्याचे डहाळे दिले. अंबू एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने हरभरा सोलून खात होती. आज सव्वीस जानेवारी, म्हणून एका खेड्यात पोरांची प्रभातफेरी निघाली होती. ती सगळी पोरं आपली रांग सोडून आमच्या मागे लागली. त्यांचे मास्तर शिट्टी वाजवत मागून धावत होते. शिस्त म्हणून काही राहिली नाही. मी त्या मास्तरांना हात जोडले.

मेहकर जवळ आलं तसा चढ लागला. बैल दमले. मी उतरलो आणि मागून रेटा देऊ लागलो. पाय रस्त्यात रोवून, खांदा लावून. पायांत मोतीरामच्या जुन्या वहाणा, एक काच फुटलेली, डोक्यावर टोपी नाही. धुळीने भुवया पांढऱ्या. पोरं दोन्ही बाजूंनी रेटत होती आणि ओरडत होती.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारी काटक्यांची मोळी टेकवून उभी होती. पुढे बैल, मग जीप, बॉनेटवर पसरलेलं कापड, आत दोन बायका, भोवती पोरांचा गलका. तिने पदर सावरून विचारलं, "कोणत्या गावची वरात हाय वो माय?"

"धाडची!" अंबू ओरडली.

"अन् नवरदेव कोठी हाय?"

"मांगून ढकलून राह्यला!"

म्हातारी मोळी तिथेच ठेवून मागे आली. मला तिने डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. मी ढकलत होतो. थांबता येत नव्हतं.

"जून हाय," ती पुढे ओरडून म्हणाली, "पण जोर हाय!"

पुढून अंबूच्या हसण्याचा आवाज आला, मग जीप वाकडी झाली, चाक सुटलं, बैल भलतीकडे वळले आणि सगळी वरात हळूच रस्त्याकडेच्या तुरीच्या शेतात जाऊन थांबली. मी चढावर बसकण मारली आणि हसून घेतलं. मग उठून पाहिलं. ती चाकावर डोकं टेकवून अजून हसत होती. सावली होती, पाणी जवळ होतं. आम्ही तिथेच चूल मांडली.